मागचा कॅमेरा

माणूस मेल्यावर त्याचं भूत होतं अशी आपली समजूत असते. भूमितीच्या बाईंचं भूत त्या चांगल्या धडधाकट असताना झालं, आणि तेही त्यांची रीतसर सही घेऊन.

बाई एका शिकवणीच्या कंपनीसाठी घरी बसून ऑनलाइन भूमिती शिकवत. प्रत्येक तास रेकॉर्ड व्हायचा, आणि वर्षानुवर्षांची ती सगळी रेकॉर्डिंगं कंपनीकडे साठलेली होती. त्या ढिगातून कंपनीने बाईंची एक बाहुली बनवली. बाहुली पडद्यावरचीच. चेहरा बाईंचा, आवाज बाईंचा, त्रिकोण समजावताना दोन्ही तळहातांचं छप्पर करायची पद्धतही बाईंचीच. फक्त घसा बसणं, कंटाळा येणं आणि चहाची तल्लफ येणं एवढं तिला नव्हतं. ज्या मुलांना बाईंचा तास मिळत नाही त्यांना आता ही बाहुली शिकवणार होती.

परवानगीच्या कागदावर बाईंनी सही केली ती आई गेल्यानंतर लगेचच्या दिवसांत. तेव्हा कुणी काहीही समोर धरलं असतं तरी त्यांनी सही केली असती. दारावर आलेल्या पार्सलवाल्याला त्यांनी सहीच्या जागी आईचं नाव लिहून दिलं होतं, इतकं त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

बाहुली तयार झाल्यावर कंपनीतल्या माणसाचा फोन आला. बाई त्याला मनातल्या मनात बाहुलीवाला म्हणत. कानशिलांवरचे केस पिकलेला, सावकाश बोलणारा गृहस्थ. विनोद करायचा आणि मग स्वतःच ओशाळायचा. म्हणाला, तुमची अमर व्हायची सोय झाली बाई, आणि मग बराच वेळ खोकत बसला. खोकून झाल्यावर त्याने मुद्द्याला हात घातला. बाहुलीत बाईंच्या दोन लकबी उतरल्या आहेत. त्या ठेवायच्या की काढायच्या, हे बाईंनी सांगायचं होतं. तसा नियमच होता: माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या लकबींवर शेवटचा शब्द त्याचा.

पहिली लकब मानेची. एखादी पायरी शिकवून झाली की बाहुली विचारते, "ठीक आहे ना?" आणि विचारताना मधूनच मान वळवून बाजूला बघते. डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ. मग पुन्हा समोर बघून म्हणते, "मग पुढे जाऊ." मुलांवर चाचणी घेतली तेव्हा मुलं विचारायला लागली की बाई कुणाकडे बघतात. एक मुलगी तर प्रत्येक वेळी स्वतःच्या पाठीमागे वळून बघायची आणि शेवटी संगणकासमोर बसेनाच.

दुसरी लकब आवाजाची. "ठीक आहे ना?" आणि "मग पुढे जाऊ" यांच्या मध्ये कधीकधी 'टक्' असा बारीक आवाज येतो, आणि तो आला की बाहुली उत्तरासाठी थांबत नाही अशी मुलांची तक्रार. बाई बहुतेक जीभ टाळ्याला लावून वाजवतात, असं बाहुलीवाल्याचं म्हणणं.

"मी जीभ वाजवत नाही," बाई म्हणाल्या.

"वाजवता बाई. आपल्याला आपलं कळत नाही. ती बिचारी स्वतःच्या मनाने काही करत नाही, तुमचंच उचलते."

बाईंना राग आला. वर्गात जीभ वाजवणाऱ्या माणसांचा त्यांना तिटकारा होता. पण त्यांनी रेकॉर्डिंगं बघून सांगते एवढंच म्हटलं. तेव्हा बाहुलीवाला जरा अडखळत म्हणाला की एक गोष्ट लक्षात ठेवा, जी लकब काढायची ठरेल ती ज्या ज्या रेकॉर्डिंगात आहे ती सगळी रेकॉर्डिंगं साठ्यातून कायमची पुसावी लागतात. नाहीतर बाहुली पुढच्या वेळी पुन्हा तेच शिकते. म्हणजे शांतपणे विचार करून सांगा, पण आठवडा संपायच्या आत सांगा. रेकॉर्डिंगं बघायची मुभा शिक्षकांना होती, उतरवून घ्यायची नव्हती.

मान कुणाकडे वळायची हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. ते आठवायला रेकॉर्डिंगची गरज नव्हती. टेबलाशेजारी कोपऱ्यात जी मोकळी जागा होती, जिथे जमिनीवर अंथरलेल्या रबरी जाजमात पलंगाच्या पायांचे चार खोलगट वण अजून उठून दिसत होते, तिकडे. तिथे आई होती.

आईने जन्मभर शिवणकाम केलं. दोन मुलींना तिने मशीनच्या चाकावर मोठं केलं असं नातेवाईक म्हणायचे, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. कापड बेतताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे तिला बोलता यायचं नाही. मुलींनी काही विचारलं की ती नुसतं एक बोट वर करायची. त्या बोटाचा अर्थ 'ऐकते आहे, ठीक आहे, चालू दे तुझं'. बाकी वेळी तिची जीभ कात्रीसारखी चालायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही तिची आवडती म्हण. मुलींच्या हरवलेल्या चपलांपासून जावयाच्या नोकरीपर्यंत ती कुठेही लागू करायची.

मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात राहिला, आणि बोट राहिलं. बाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन एकट्याच राहत होत्या. त्यांनी आईला आपल्याकडे आणलं, कठडेवाला लोखंडी पलंग भाड्याने घेतला आणि आपल्या कामाच्या खोलीतच मांडला. दिवसभर ती डोळ्यांसमोर असावी म्हणून.

तेव्हापासून तो रिवाज पडला. एक पायरी शिकवून झाली की बाई मुलांना विचारायच्या, "ठीक आहे ना?" आणि त्याच श्वासात मान वळवून आईकडे बघायच्या. आई बोट वर करायची. "मग पुढे जाऊ," बाई म्हणायच्या आणि पुढे जायच्या. एका प्रश्नात दोघांची विचारपूस. मुलांनाही वाटायचं आपल्याला विचारलं, आईलाही वाटायचं आपल्याला विचारलं, आणि दोघांचंही खरं होतं.

आता कंपनीत एक प्रथा होती, तिला सगळे शिक्षक 'आरसा' म्हणत. आठवड्यातून एकदा स्वतःचा एक तास पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा, स्वतःचे दोष लिहून काढायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्यातला एक तरी घालवून दाखवायचा. आरशाच्या दिवशी शिक्षकांचे चेहरे बघण्यासारखे असत. आपला आवाज असा किनरा आहे, आपण इतक्या वेळा नाक चोळतो, हे चाळिशीत कळणं सोपं नसतं. बाई मात्र नेटाने आरसा बघायच्या. त्यांनी 'म्हणजे की' घालवलं, पेन फिरवणं घालवलं. मग निरीक्षकांचा शेरा आला: शिक्षिका वारंवार कॅमेऱ्याबाहेर बघतात, विद्यार्थ्याला आपल्याकडे दुर्लक्ष होतंय असं वाटू शकतं.

बाईंनी तो तास पुन्हा पाहिला. शेरा खरा होता. मुलांच्या जागी बसून पाहिलं तर पडद्यावरची ती बाई खरोखरच दर थोड्या वेळाने भलतीकडे बघत होती. बाईंना आपलीच लाज वाटली. त्यांनी आरशात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मान वळवणे: बंद करणे.'

पण आईवरून नजर काढायची कशी? बाईंनी डोकं लढवलं, आणि जी युक्ती काढली तिच्यावर त्या स्वतःच खूश झाल्या. घरात एक जुना फोन होता. तो त्यांनी एका स्टँडवर बसवून पलंगासमोर उभा केला, मागचा कॅमेरा आईकडे करून, कारण मागच्या कॅमेऱ्याचं चित्र जास्त स्पष्ट येतं. ते चित्र त्यांनी आपल्या लॅपटॉपच्या पडद्यावर घेतलं, वरच्या काठाला, कॅमेऱ्याच्या अगदी खाली. आता मान वळवायची गरजच उरली नाही. आईकडे बघावं तर मुलांना वाटायचं बाई आपल्या डोळ्यांत बघताहेत. पूर्वी पातं लवेपर्यंत बघायच्या, आता तास न् तास बघता येत होतं.

पुढचा शेरा आला: नजर थेट, चेहऱ्यावर आपुलकीचं हसू, इतर शिक्षकांनी या तासाचा आदर्श घ्यावा.

त्या आदर्श तासांतूनच मुख्यतः बाहुली बनली होती.

बाई रेकॉर्डिंगं बघायला बसल्या त्या सकाळी, चहाचा कप हातात घेऊन. जुनी आधी लावली. मान वळते, डोळे कुठेतरी टेकतात, मान परत येते. जो त्यांनी आरशात लिहून बंद केला होता तो दोष त्यांना आता पोटभर बघावासा वाटत होता. त्यांनी कान देऊन ऐकलं. टक् कुठेच नव्हता. बाहुलीवाला उगीच काहीतरी सांगतो असं त्यांना वाटलं.

मग युक्तीनंतरचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "ठीक आहे ना?" मान वळली नाही. समोर बघून हसल्या. म्हणाल्या, "मग पुढे जाऊ." आवाज नाही.

दुसऱ्या दिवशीच्या तासात मात्र तो होता. "ठीक आहे ना?" टक्. "मग पुढे जाऊ."

बाईंनी ते पुन्हा ऐकलं. पडद्यावरचं तोंड मिटलेलं होतं, ओठ हसत होते. जीभ वाजवायची म्हटली तर ओठ उघडावे लागतात. त्यांनी आवाज वाढवला. टक्. लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज होता तो. त्यांनी कप खाली ठेवला, तेव्हा बशीवर त्याचा जो आवाज झाला त्याने त्या स्वतःच दचकल्या.

आईच्या बोटात अंगुस्तान असायचं. शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी. झटका आल्यावर तिने ते हाताने खुणावून मागून घेतलं होतं आणि डाव्या हाताच्या बोटात घातलं होतं. अंघोळीच्या वेळी काढावं तर रागावायची. म्हातारीचं खेळणं, असं धाकटी बहीण म्हणायची. आई त्याने पलंगाचा कठडा वाजवत होती.

तासाला बाई कान झाकणारे हेडफोन लावत. त्यामुळे त्यांना ते कधी ऐकू आलं नव्हतं. मायक्रोफोनला आलं. लहानशा चित्रात त्यांना बोट वर जाताना दिसायचं, खाली येताना दिसायचं. ते खाली येऊन कशावर पडतंय हे त्यांनी कधी पाहिलं नाही. बोट दिसलं की बरं वाटायचं आणि त्या हसायच्या. तेच ते आपुलकीचं हसू.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मोकळ्या वेळात बाई रेकॉर्डिंगंच बघत राहिल्या. आईकडची बाजू त्यांना अशी ऐकावी लागली. आधी एकच टक्, प्रश्नानंतर लगेच, पूर्वीच्या बोटासारखा वेळेवर. पुढे पुढे दोन. मग प्रश्न नसतानाही, मध्येच, भरभर तीन-चार. एका तासात काटकोनाची व्याख्या चालू आहे आणि मागे टक् टक् टक् टक् चाललंय, आणि बाई समोर बघून सगळ्या जगाला पुरेल इतक्या मायेने हसताहेत. त्या रेकॉर्डिंगाखाली कंपनीने 'उत्कृष्ट' असं लिहिलं होतं. नंतरच्या तासांत टक् तुरळक झाला. आणि मग एका ठिकाणाहून पुढे नुसता बाईंचाच आवाज.

ते दिवस बाईंना आठवत होते. आईने तोंड पलीकडच्या भिंतीकडे वळवलं होतं. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात असं होतं, अंग एका बाजूला कलतं. बाईंना चित्रात चेहरा दिसेना, म्हणून त्यांनी स्टँड उचलून पलंग आणि त्या भिंतीच्या मध्ये नेऊन ठेवला. मग आईने डोळे मिटले. थकली असेल, असं बाईंना वाटलं. तास चालू असताना चित्रात छाती वरखाली होताना दिसत होती, तेवढ्यावर त्या समाधान मानत होत्या. पुढे एका दुपारी, बाई स्वयंपाकघरात असताना, आई शांतपणे गेली. त्यात कुणाची चूक नव्हती, डॉक्टरही तसंच म्हणाले.

धाकटी बहीण भेटायला आली तेव्हा बाईंनी तिला आवाज ऐकवला. धाकटी पहिल्याच टक्ला रडायला लागली. तिच्याकडे आईचे फोटो होते, पण आवाज नव्हता. शेवटच्या काळात आवाजच कुठे होता? आणि इथे आई बोलत होती.

"हे अजिबात पुसायचं नाही, ताई," ती नाक पुसत म्हणाली. "तेवढंच तिचं उरलंय. बाहुलीत राहिलं तर काय बिघडलं? मुलांना तर वाटेल बाहुलीच वाजते आहे."

बाईंनी सांगितलं की तेच तर आहे. बाहुली विचारते ठीक आहे ना, आणि समोरचं पोर तोंड उघडायच्या आत टक् वाजतो, आणि बाहुली पुढे जाते. मुलांची तक्रारच आहे की बाई थांबत नाहीत. आईचा होकार घेऊन ती सगळ्यांच्या पुढे जाते.

धाकटीला ते पटलं नाही. ती म्हणाली, तू सगळ्याचं गणित करतेस, तुझा स्वभावच तो. मग जवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, तू तिची किती सेवा केलीस हे आम्हाला ठाऊक आहे, दिवसभर तुझी नजर तिच्यावर असायची, मी सगळ्यांना सांगते. बाईंनी मान हलवली. नजर असायची हे खरं होतं. धाकटी गेल्यावरही ते वाक्य खोलीत रेंगाळत राहिलं आणि बाईंना ते ऐकवेना.

दुपारच्या तासाला अजून अवकाश होता. बाईंनी लॅपटॉपवर बाहुली लावली, तो टेबलावर आपल्या नेहमीच्या जागी ठेवला, आणि स्वतः जाऊन पलंगाच्या त्या चार वणांच्या मध्ये, उशाकडच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. त्यांना एवढंच बघायचं होतं की इथून ते बघणं कसं दिसायचं.

बाहुलीने विचारलं, "ठीक आहे ना?" आणि मान वळवली. बाईंच्याच दिशेने वळवली. पण डोळे बाईंपर्यंत आले नाहीत. बाई थोड्या पुढे सरकल्या, थोड्या मागे सरकल्या. पुढच्या पायरीला पुन्हा मान वळली, पुन्हा नजर त्यांच्या बाजूने कुठेतरी निघून गेली. आपण काय मूर्खपणा करतो आहोत हे मग त्यांच्या लक्षात आलं. हे कोडं त्या दर वर्षी मुलांना घालत असत. चित्रातला माणूस समोर बघत असेल, तर खोलीत कुठेही बसा, तो तुमच्याचकडे बघतो. बाजूला बघत असेल, तर कुठेही बसा, तो कुणाकडेच बघत नाही. मुलं खोलीभर फिरून खात्री करून घ्यायची आणि चकित व्हायची.

बाई उठायला म्हणून पलीकडे वळल्या, तेवढ्यात त्यांना स्टँड दिसला. तो तिथेच होता, पलीकडच्या भिंतीपाशी, त्यांनीच नेऊन ठेवला होता तिथे, अजून तो जुना फोन धरून. आई गेल्यावर पलंग परत गेला, औषधं गेली, हे तेवढं कुणी हलवलं नव्हतं. बसलेल्या बाईंच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, फोनची काळी पाठ होती. काळी पाठ आणि तिच्यात एक काचेचा डोळा.

एवढंच दिसत होतं इथून. उजवीकडे टेबलापाशी बसलेल्या लेकीचा कान आणि हेडफोन. आणि तोंड फिरवलं तरी समोर हा डोळा.

पहिल्या दिवशी बाईंनी आईला समजावून सांगितलं होतं, आई, आता मी सारखी तुझ्याकडे बघत असणार, यातून. आईने बोट वर केलं होतं. आई कशालाही बोट वर करायची.

बाई फोनच्या पाठीकडे बघत राहिल्या. भूमिती शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. रेषा, कोन, कुठून काय दिसतं, कुठून काय दिसत नाही. आणि फोनला दुसरी बाजू असते हे त्यांना सुचलं नव्हतं. फोन फिरवून ठेवायचा होता. पुढच्या कॅमेऱ्याने चित्र थोडं धूसर आलं असतं, आलं असतं तर आलं असतं. पडदा आईकडे झाला असता. आई त्याच फोनवरून तासाला बसली असती, वर्गात एक विद्यार्थिनी वाढली असती, आणि लेक समोर बघून हसली की ती आईकडेच बघून हसली असती, प्रत्येक वेळी, तास न् तास. त्यासाठी कोड्यातल्या त्या चित्राच्या नियमात काही बदल करावा लागत नव्हता. काखेत कळसा, बाईंच्या मनात आलं, आणि पुढचं त्यांनी म्हटलं नाही. त्यांना फार मोठ्याने रडू आलं. खोली रिकामी होती, टेबलावर बाहुली समजुतीने हसत होती, आणि मधूनमधून टक् वाजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाहुलीवाल्याला फोन केला. आवाज नेहमीचा होता, वर्गातला. मानेची लकब ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

बाहुलीवाल्याने मुलांची आठवण करून दिली. मुलं मागे वळून बघतात बाई, घाबरतात.

"बघू दे," बाई म्हणाल्या. "आपल्या मागे कुणी आहे का हे मधूनमधून बघायची सवय असलेली बरी."

त्यावर तो हसला नाही. दुसऱ्या लकबीचं काय, असं त्याने विचारलं.

"ती माझी नाही. ती माझ्या आईची आहे. मी तुम्हाला माझी सही दिली, तिची नाही दिली. तिला विचारायचं राहून गेलं. ती काढून टाका."

बाहुलीवाल्याने फार हळू विचारलं की याचा अर्थ बाईंच्या लक्षात आहे ना. ज्यात तो आवाज आहे ते सगळं जाणार, परत मिळणार नाही. त्यालाही कुणी असावं, कारण त्याने बाईंना कळेल न कळेल अशा बेताने सांगितलं की पुसायचं काम तो आज संध्याकाळी करेल, आधी नाही. बाईंनी त्याचे आभार मानले. धाकटीला काय सांगायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. ती भांडणार हे नक्की होतं, आणि तिची बाजू खोटी होती असंही बाईंना वाटत नव्हतं.

दुपारचा तास त्यांनी रद्द केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच केला. मग त्यांनी तो जुना फोन पुसून घेतला, चार्ज केला, आणि त्याच्यावर रेकॉर्डिंगांची यादी उघडली. आदर्श ठरलेल्यांपैकी एक निवडलं, टक् वेळेवर यायचा त्या दिवसांतलं. फोन परत स्टँडवर बसवला. या वेळी पडदा पलंगाच्या जागेकडे केला.

बाई चार वणांच्या मध्ये जाऊन बसल्या. उशी जिथे असायची तिथे डोकं येईल अशा बेताने भिंतीला टेकल्या.

पडद्यावर त्यांच्यासमोर एक बाई आली. थोडी तरुण, केस घाईने बांधलेले. समांतर रेषांबद्दल बोलत होती. बोलताना सरळ बघत होती, थेट डोळ्यांत. बाई थोड्या डावीकडे कलल्या, नजर त्यांच्याबरोबर आली. उजवीकडे कलल्या, तिथेही आली. त्या नजरेत इतकी काळजी होती की कुणालाही वाटावं, हिला जगात माझ्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. हे सगळं खरं होतं. हे सगळं त्या वेळी याच खोलीत होतं, हातभर अंतरावर, फोनच्या दुसऱ्या बाजूला.

पायरी संपली. पडद्यावरच्या लेकीने वर बघितलं, हसली.

"ठीक आहे ना?"

टक्.

बाईंनी हात लांब करून रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. लेक पडद्यावर हसत, वाट बघत थांबून राहिली, आणि बाई संध्याकाळ होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिल्या.